४१ दरवाजे आणि एक मोटार : आमच्या लोकल न्यूजवाल्यांना खुलं पत्र

चोपडा, अमळनेर, शिरपूर, जळगाव, धुळे, जिथं जिथं केबलवर आपल्याकडची बातमी चालते तिथल्या समस्त संपादक, मालक, कॅमेरावाले आणि बूम धरून पळणाऱ्या भावाबहिणींना,

राम राम.

मी चोपडा तालुक्यातला. बसस्टँडपासून जरा आत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारी येतात, आम्ही त्या खोलतो, तार भरतो, वार्निश मारतो आणि परत देतो. दुकानात एक जुना टीव्ही भिंतीला टांगलेला आहे आणि तो सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत तुमच्याच चॅनलवर असतो. म्हणजे सासूसुनांच्या सिरियला सोडून तुम्हाला बघणारी जी काही माणसं उरली असतील त्यातला मी एक पक्का, महिन्याची वर्गणी न चुकवणारा. हे आधी सांगून ठेवतो कारण पुढं जे लिहितोय ते वाचून तुम्ही म्हणाल की हा कोण टिकोजीराव लागून गेला.

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या मावसभावाची, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, नदीतून शेताला पाणी ओढायची साडेसात एचपीची मोटार तापीत गेली. मागच्या पावसाळ्यात. पाण्यानं नेली हे खरं, पण त्यात तुमचाही वाटा आहे असं मी म्हणतो आणि का म्हणतो ते नीट ऐका.

जुलैत एके रात्री साडेनऊच्या सुमारास तुमच्यातल्या एका चॅनलवर लाल पट्टी आली, 'हतनूरचे सर्व ४१ दरवाजे उघडले, तापीला महापूर' (हतनूर म्हणजे आमच्या वरच्या अंगाला तापीवरचं धरण), आणि मागं धो धो पाण्याचा व्हिडिओ, वरून ते ढॅण ढॅण म्युझिक. आप्पा जेवत होते, तसेच उठले. ट्रॅक्टर काढला, दोर घेतले, चेनपुली घेतली, दोन पोरं आणि शेजारचा सालदार घेऊन चिखलातून नदीवर गेले आणि पावसात, बॅटरीच्या उजेडात मोटार वर ओढली, सक्शन पाईप सोडवता सोडवता धाकट्याच्या हाताला लागलं, रात्री दोनला घरी. सकाळी जाऊन बघतात तर नदी होती तिथंच. फार तर वीतभर वाढली असेल. दुपारी पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणे चार दरवाजे अर्ध्या अर्ध्या मीटरनं उघडले होते भो, ४१ कोणी सांगितले तुम्हाला? आणि तो व्हिडिओ? तो हतनूरचा नव्हताच. त्याच्यात मागं डोंगर दिसत होता. हतनूरला असा डोंगर कुठं आहे?

झालं, मोटार परत खाली बसवली, मजुरी गेली, डिझेल गेलं. आणि मग ऑगस्टमध्ये एके दिवशी परत तशीच लाल पट्टी, तेच म्युझिक, मला तर वाटतं व्हिडिओपण तोच. आप्पा म्हणाले, जाऊ द्या हो, यांचं रोजचंच आहे. आणि त्या वेळी ते खरं होतं. वर बुऱ्हाणपूरकडं आणि तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या अंगाला अकोला-बुलढाण्यात पाऊस जोरदार झाला होता, आमच्याकडं मात्र कडक ऊन पडलेलं, त्यामुळं कोणाच्या डोक्यातच नाही. पहाटे पाणी वाढलं ते थेट बांधाला लागलं. मोटार, स्टार्टरची पेटी, पाईप, सगळं गेलं.

लांडगा आला रे आला ची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. त्या गोष्टीत पोरगा तरी स्वतःच्या मेंढ्या घालवून बसतो, इथं ओरडले तुम्ही आणि मेंढ्या गेल्या आप्पाच्या.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय धरणावर बसून राहायचं का? नका बसू. पण एक गोष्ट मला एका वायंडिंगवाल्याला कळते ती तुम्हाला कशी कळत नाही याचंच मला नवल वाटतं. दरवाजे किती उघडले याला तसा फारसा अर्थ नसतो, किती मीटरनं उघडले आणि त्यातून पाणी किती सुटतंय हे महत्त्वाचं. ४१ उघडले तरी जरा जरा उघडले तर वेगळी गोष्ट आणि दहाच पूर्ण उचलले तर वेगळी. खातं रोज आकडा देतं, त्यांचा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतो, त्यात क्युमेक पण असतं आणि क्युसेक पण असतं. क्युमेक म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट, आणि एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. तुमच्या बाई बातमी वाचताना आकडा सांगतात क्युमेकचा आणि म्हणतात क्युसेक, खाली पट्टीवर दुसरंच काहीतरी, म्हणजे एकाच बातमीत ३५ पटीचा फरक आणि कोणाला पत्ता नाही. मी जर गिऱ्हाइकाला एचपीच्या जागी किलोवॅट सांगून मोटार दिली ना तर तो संध्याकाळी येऊन माझ्या डोक्यात घालेल. तुमच्या डोक्यात कोणी घालत नाही म्हणून चाललंय.

मी चॅनलच्या ऑफिसला फोन केला होता. म्हटलं त्या रात्रीची बातमी परत बघायची आहे, ४१ म्हणाले होते का मीच चुकीचं ऐकलं. तिकडून पोरगं म्हणतं काका तसं काही ठेवत नाही आम्ही, डिलीट होतं. आता माझा भाचा पुण्याला वकिली शिकतो, त्यानं मला शोधून सांगितलं की केबलवाले स्वतःचे जे लोकल चॅनल चालवतात त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात, त्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि त्यात स्पष्ट आहे की रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं. स्क्रीनवर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असं लिहायचं, लोकल बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी पाहिजे, प्रत्येक चॅनलची हजार रुपये भरून नोंद करायची. मी फोन केला तो सहाव्या दिवशी. नव्वदातले सहाच दिवस झाले होते.

पण मी काही तक्रार करायला निघालो नाही. करता येते हे मला माहिती आहे, कलेक्टर साहेबांच्या अध्यक्षतेखाली केबलवर लक्ष ठेवायला जिल्ह्याची समिती असावी असा आदेश २००५ पासून आहे, तिथं अर्ज टाकता येतो. नाही टाकला. कारण तुम्ही बंद पडलात तर आमचं सांगणारं राहिलं कोण? मुंबईच्या चॅनलवाल्यांना हिंदमातेला गुडघाभर पाणी साचलं की दिवसभर पुरतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भुसावळ-जळगावला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही दुपारचं, ती खालच्या पट्टीत अर्धी ओळ. आमच्या महामार्गाचं तरसोद ते फागणे चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, त्या रस्त्यानं किती माणसं खाल्ली, मुंबईत कोणाला तरसोद कुठं आहे तेही माहीत नसेल. त्यांच्यावर मी रागावत नाही, त्यांचा आमच्याशी संबंधच नाही. राग येतो तो आपल्या माणसाचा.

आणि मला तुमचं आधीचं माहिती आहे म्हणून जास्त वाईट वाटतं. ९६-९७ ला मी विशी ओलांडलेला पोऱ्या होतो, वायंडिंग शिकत होतो आणि संध्याकाळी केबलवाल्याकडं वायर ओढायला जायचो, या गच्चीवरून त्या गच्चीवर, अँप्लिफायरचे डबे खांबाला बांधायचे. त्याच्या वरच्या खोलीत डिशचे रिसिव्हर एकावर एक रचलेले आणि कोपऱ्यात एक व्हीसीआर. संध्याकाळी त्यात कॅसेट टाकली की अख्ख्या गावात बातम्या. वीस मिनिटं फक्त. एका मास्तरांची मुलगी वाचायची, मागं निळा पडदा, तो पडदा म्हणजे केबलवाल्याच्या बायकोची साडी होती हे आम्हा चार पोरांनाच माहिती. पण त्या वीस मिनिटांत काय असायचं बघा, उद्या कुठल्या फिडरची लाईट किती ते किती जाणार, नळ कोणत्या भागाला कधी येणार, मार्केटला कापूस काय भावानं गेला, दवाखान्यात कुत्रं चावल्याचं इंजेक्शन आलं का नाही, आणि शेवटी निधन वार्ता. ही निधन वार्ता आमची माय कधी चुकवायची नाही. पोळ्या अर्ध्या टाकून येऊन बसायची. कोणाकडं दारावर जायचंय ते तिला तिथून कळायचं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला मोठा पूर आला, तोच ज्यात खाली सुरत बुडालं. त्या वेळी तोच केबलवाला आणि त्याचा कॅमेरावाला पोऱ्या स्प्लेंडरवर नदीकाठच्या गावांना फिरले. रात्रभर चॅनल चालू. चित्र धड दिसत नव्हतं, अंधारच होता नुसता, पण दर तासाला तो पोऱ्या सांगायचा की मी आत्ता अमुक ठिकाणी उभाय, मघाशी पाणी मारुतीच्या ओट्याच्या खालच्या पायरीला होतं आता वरच्या पायरीला आलं. बस एवढंच. ना म्युझिक ना लाल पट्टी. पण ज्याला तो ओटा माहिती त्याला सगळं कळलं, किती वाढलं, किती वेळात वाढलं, गुरं सोडायची का थांबायचं.

आता माय ७८ वर्षांची आहे, अजून संध्याकाळी टीव्हीसमोर बसते. परवा म्हणते, "हाई काय बातमी शे का रे भाऊ? सकायपासून यास्ना वाढदिवसच चालू शेतस."

तिचं ऐकून मी एके दिवशी दुकानातल्या घड्याळावर मोजलं. अर्ध्या तासाचं बुलेटिन. त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा साडेनऊ मिनिटं, 'भावी' नगरसेवक, 'भावी' आमदार, आणि एक तर 'भावी' काय ते लिहायचं राहूनच गेलं होतं, नुसतं भावी. मग क्लासेसची जाहिरात, सोन्याच्या दुकानाची, एका दवाखान्याची, मूळव्याधीची. मग तीन सत्कार. मग एका पुढाऱ्याचं भाषण कापाकापी न करता चार मिनिटं. उरलेल्यात एक अपघात, तोही कोणीतरी मोबाईलवर काढलेला, आणि दोन व्हॉट्सॲपवर सकाळीच येऊन गेलेले व्हिडिओ. नियम असा आहे की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, त्यातली १० धंद्याची आणि २ चॅनलची स्वतःची. तुम्ही म्हणाल शुभेच्छा म्हणजे जाहिरात थोडीच. बरं बाबा, नाही जाहिरात.

आणि ती भाषा! कुठंही काहीही झालं की 'परिसरात एकच खळबळ'. आमच्या गल्लीत म्हैस गटारीत पडली होती, मी स्वतः तिथं होतो, माझ्याच दुकानातली चेनपुली लावून काढली. सहा माणसं होती आणि त्यातली दोन चहा पीत होती. रात्री टीव्हीवर 'थरारक रेस्क्यू, परिसरात एकच खळबळ'. आम्ही हसून हसून बेजार. पण हसता हसता डोक्यात येतं ना, की जिथं मी होतो तिथलं असं सांगतात तर जिथं मी नव्हतो तिथलं काय सांगत असतील?

२२ जानेवारी २०२५ आठवतो का? पाचोऱ्याजवळ, परधाडे आणि माहेजीच्या मध्ये. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची नुसती अफवा उठली, चेन ओढली, माणसं घाबरून रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. नुसत्या अफवेनं माणसं गेली, भो. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक बसलेलं, त्याची पोरगी पाचोऱ्याहून जळगावला रेल्वेनं ये-जा करते, फोन लागत नाही, तो माणूस पांढराफटक. आम्ही टीव्ही मोठा केला. तुमच्यातले एक साहेब ओरडून ओरडून सांगतायत, भीषण, भयंकर, अंगावर काटा, आणि तेच तेच हलणारं चित्र. अरे पण गाडी कोणती? अप का डाऊन? बाकीच्या गाड्या कुठं थांबवल्यात? मदतीचा नंबर काय? आमच्याकडं अर्धं गाव रेल्वेवर जगतं, लहान पोराला पण अप-डाऊन कळतं, तेवढं एक सांगितलं असतं तरी तो माणूस श्वास घेता झाला असता. शेवटी पोरीचाच फोन आला तासाभरानं, ती कॉलेजातच थांबली होती.

तुमची बाजूही मला माहिती आहे, अगदीच एकतर्फी नाही बोलत. माझ्या शेजारच्याचं पोरगं तुमच्यातल्या एका चॅनलला बातमीदार आहे. पगार शून्य. उलट त्यानंच वर्षाला इतक्या इतक्या रुपयांच्या जाहिराती आणून द्यायच्या, त्यातलं त्याला कमिशन. पेट्रोल त्याचं, मोबाईल त्याचा, बूमवरचं चॅनलचं नाव तेवढं तुमचं. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात आणायची त्याला तो पोरगा विचारेल का, की साहेब तुमच्या वॉर्डातली गटार तीन वर्षांत तीनदा कशी काय बांधली? नाही विचारणार. मी पण नसतं विचारलं. त्यात डिजिटल झालं, २०१७ पर्यंत घरोघर सेटटॉप बॉक्स आले, मोबाईलवर फुकट नेट आलं, लोकांनी केबल काढून टाकली, तुमचं उत्पन्न घटलं, हे सगळं कबूल. पण मग शुभेच्छा अर्धा तास दाखवा आणि बातमी दहाच मिनिटं दाखवा, चालेल, फक्त ती दहा मिनिटं बातमी असू द्या. दोन्हीची खिचडी करून वर 'बातमी' असं नाव देऊ नका.

केळीचंच घ्या. आमच्या पट्ट्यातला निम्मा पैसा केळीचा. रावेरचा आणि बुऱ्हाणपूरचा भाव सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर येतो, तो तुम्ही सांगितला नाही तरी बिघडत नाही. पण बोर्डावर भाव एक आणि व्यापारी शेतात येऊन कापणी करतो त्या वेळी भाव दुसरा, हे प्रत्येक केळीवाला तुम्हाला पारावर बसून सांगेल. कोणी कॅमेरा घेऊन एका दिवशी, एका शेतात, काट्यापाशी उभं राहून दाखवलं का, की हा बोर्ड आणि ही पावती? गेल्या वर्षी कधी बघितल्याचं मला तरी आठवत नाही. केळी जळगावची म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्याचा सत्कार मात्र बघितलाय. हार घालणारे बारा जण होते, त्यात शेतकरी कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नदीपलीकडं अमळनेर आहे. तिथं साने गुरुजींनी १९३८ साली 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं आणि अतिवृष्टीनं पिकं गेली तर शेतसारा माफ करा म्हणून त्यातून रान उठवलं. त्यांच्याकडं ना ड्रोन होता ना स्टुडिओ. असो, गुरुजींचं नाव घेतलं की तुम्ही लगेच पुण्यतिथीचा हार दाखवाल, म्हणून थांबतो.

मला तुमच्याकडून फार काही नको. पावसाळ्याचे चार महिने रोज संध्याकाळी एकदा हतनूरचा आकडा सांगा. किती दरवाजे, किती मीटर, किती क्युसेक, किती वाजताचा. गिरणाकाठच्यांना गिरणा धरणाचा सांगा. आकडा वाढला नसेल तर वाढला नाही म्हणून सांगा, तीपण बातमीच असते, त्या रात्री आप्पा झोपतील. जुना व्हिडिओ लावायचाच असेल तर त्यावर जुना म्हणून लिहा. चुकलं तर दुसऱ्या दिवशी सांगा की काल आमचं चुकलं, कोणी तुम्हाला खाणार नाही, उलट माणूस म्हणेल की चला, हे ऐकण्यासारखे आहेत. आणि निधन वार्ता परत चालू करा हो, माय रोज विचारते.

आप्पांची नवी मोटार भरून तयार आहे, नवी म्हणजे जुनीच, माझ्याकडं पडून होती तीच बेअरिंग बदलून दिली, उधारीवर. येत्या शनिवारी सकाळी नदीवर बसवायची आहे. तुमच्यापैकी कोणाचा पोऱ्या मोकळा असेल तर पाठवा, आठ वाजता दुकानावर आला की आमच्याच ट्रॅक्टरवर घेऊन जातो, चहा-पोहे आमच्याकडं. पाणी मागच्या वर्षी कुठपर्यंत आलं होतं ती खूण आप्पांनी लिंबाच्या झाडावर चुन्यानं करून ठेवली आहे, तेवढी तरी दाखवा टीव्हीवर.

तुमचाच,
एक जुना वर्गणीदार,
तापीकाठ, तालुका चोपडा